नाथांच्या नावाचा रस

भवानीनगरच्या माणसाला उसाचं काय कौतुक? दारात छत्रपती कारखाना, कालव्याच्या पाण्यावर आडसाली ऊस आणि गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या मागं रांगत जाणारी एसटी. तरी होळी झाली की हाच माणूस बारामती-इंदापूर रस्त्याला गाडी उभी करतो आणि पैसे मोजून रस पितो. आपल्याकडं रसाच्या दुकानाची पाटीही बहुतेक ठरलेली: ‘कानिफनाथ रसवंती गृह’, नाहीतर ‘नवनाथ’. पुण्यात तीच, मुंबईत तीच. परक्याला वाटावं, कुण्या बड्या कंपनीनं राज्यभर शाखा काढल्यात.

कंपनी नाही, गाव आहे. पुरंदर तालुक्यात सासवडजवळ बोपगाव. तिथल्या डोंगरावर कानिफनाथांचं ठाणं. आत जायचं दार इतकं लहान की भल्याभल्यांना सरपटावं लागतं. तालुका पाण्याला दुबळा. कोरडवाहूवर भागेना, तशी त्या भागातली माणसं रसाच्या धंद्यासाठी बाहेर पडली आणि दुकानाला आपल्या नाथाचं नाव दिलं. एकाचं बस्तान बसलं की मागून भाऊबंद, पाव्हणे गेले. पाटीही सोबत गेली. उसाचा पट्टा आमचा, पण रसाचं नाव मोठं केलं ते पाण्यासाठी आभाळाकडं बघणाऱ्या गावांनी. हे जरा लागतंच.

‘रसवंती’ शब्दाचं कूळ आणखी दूरचं. संस्कृतात रसवती म्हणजे स्वयंपाकघर. हिंदीतली रसोई तिचीच लेक. मराठीत मात्र रसवंती म्हणजे वाणी. वक्त्याची रसवंती रंगात येते, ती हीच. उसासाठी ‘गुऱ्हाळ’ शब्द हाताशी होता, पण तिथं गूळ शिजतो, शिवाय न संपणाऱ्या चर्चेलाही आपण गुऱ्हाळच म्हणतो. दोन्ही शब्द बोलण्याशी जोडलेले. त्यातला कौतुकाचा रसाच्या वाट्याला आला.

एकाच नावामागं खरोखरची कंपनी असली की काय होतं, ते कळायला आता कोका-कोलाचं बघा. १८८६ मध्ये अटलांटातल्या पेम्बर्टन नावाच्या औषधवाल्यानं ते बनवलं. नाव आणि ती वळणदार अक्षरं त्याचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन याची. १८९९ मध्ये बाटलीत भरून विकायचा हक्क दोन वकिलांनी एका डॉलरला घेतला. तिथून धंद्याची रीत पडली: कंपनीनं अर्क आणि नाव विकायचं, पाणी, गॅस, ट्रक ज्याचं त्यानं बघायचं. १९१५ ची बाटली तर अंधारात चाचपूनही ओळखू यावी अशी मुद्दाम घडवून घेतलेली. १९७७ मध्ये परकीय चलन कायद्यापायी कंपनी भारतातून गेली, १९९३ मध्ये परतली आणि पार्लेच्या चौहानांचं थम्स अपच विकत घेऊन बसली. पुढं पाच रुपयांची छोटी बाटली काढली आणि ‘ठंडा’ या साध्या शब्दावरही हक्क सांगितला.

डोळे मिटून ओळखण्याची सोय रसवंतीकडंही आहे: घुंगरं. चरक बैल ओढायचे तेव्हा ती बैलांच्या गळ्यात होती, असं सांगतात. बैल गेले, मोटार आली, घुंगरं चाकाला बांधली. या आवाजाचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत, नाथांच्या नावाचेही नाहीत. आणि दुखणंही तिथंच आहे. एका ‘कानिफनाथ’ची चव दुसऱ्या ‘कानिफनाथ’ची हमी देत नाही. बाटलीवाल्याचा घोट इंदापूरला आणि अटलांटाला सारखाच लागावा म्हणून त्याची सारी खटपट; इथं ऊस बदलला की रस बदलतो. शिवाय काढलेला रस तासाभरात काळवंडतो, मग आंबतो. त्याला पिणाऱ्यासमोरच निघावं लागतं.

म्हणून पाटीवर जाऊ नका. चरक धुतलेला आहे का, कांडं सोललेलं आहे का, ते बघा. आलं-लिंबू दुमडत्या कांड्यात घालायला सांगा. बर्फ नको म्हणा, आणि ग्लास काठोकाठ भरून मागा.