तरंगंबाडीचे डॅनिश, कलकत्त्याचे मुंगूस

आज तंजावरहून बोलतोय.

इथून शंभरेक किलोमीटरवर समुद्रकाठी तरंगंबाडी आहे. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने ती जागा डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिली. पुढे इथे मराठ्यांचे राज्य आले, तरी डॅनिश लोक तंजावरच्या गादीला खंडणी देत राहिले. त्यांचा डान्सबोर्ग किल्ला आजही उभा आहे.

याच डेन्मार्कने १७३३ मध्ये कॅरिबियन समुद्रातले सेंट क्रॉय हे छोटे बेट फ्रान्सकडून विकत घेतले. रान तोडून, गुलामांच्या कष्टावर तिथे ऊस पिकू लागला. त्या बेटाचा एक खास रहिवासी होता : जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा, जमिनीवर हिंडणारा एक सरडा. १८६२ मध्ये एडवर्ड कोप या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्याची नोंद केली.

कॅरिबियनमधल्या उसाला उंदरांचा फार उपद्रव होता. म्हणून १८७२ मध्ये जमैकातल्या एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून ९ मुंगसे मागवली. मुंगसे बेटाबेटांवर नेली गेली आणि १८८० च्या दशकात सेंट क्रॉयलाही पोहोचली.

ज्याने आयुष्यभर पहारे लावले, त्याला इथली चूक लगेच दिसते. उंदीर निघतो रात्री, मुंगूस दिवसा. उंदीर झाडावर चढतो, मुंगूस बहुतेक जमिनीवरच. चोराची पाळी एक, पहारेकऱ्याची दुसरी! मुंगसाच्या पाळीत सापडला तो दिवसा हिंडणारा सरडा. मुख्य बेटावर तो १९६८ मध्ये शेवटचा दिसला.

पण तो संपला नाही. किनाऱ्याजवळच्या प्रोटेस्टंट के आणि ग्रीन के या दोन टिचभर बेटांवर मुंगसाचे बस्तान बसले नव्हते. तिथे तो तगला. मग शेजारच्या बक आयलंडवरची मुंगसे हटवून २००८ मध्ये तिथे ५७ सरडे सोडले. आज ते तिथे वाढताहेत.

पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. बाळाला वाचवणारे मुंगूस घाईत मारले जाते. अविचार माणसाचा, शिक्षा मुक्या जिवाला. सेंट क्रॉयलाही दोष मुंगसाचा नव्हताच. शत्रू कधी आणि कुठून येतो, हे न पाहता कुमक धाडणाऱ्यांचा होता. आपल्या गावातल्या तळ्यात, डोंगरावर काही नवे आणून सोडण्याआधी एवढे जरूर आठवा.

जय हिंद.