पाककृतींची वही

परवा माळा आवरताना भाचीची जुनी वही सापडली. पानापानांवर पाककृती... पुरणपोळी, गाजर हलवा, मासिकातली केकची कात्रणं. ज्या वर्षीची ही वही, त्या वर्षी ही पोरगी दिवसाला जेमतेम अर्धी पोळी खायची. (तिला विचारूनच लिहितेय हे.)

अॅनोरेक्सिया हा शब्द तेव्हा आमच्या घरात नवा होता. ही स्वतः जेवायची नाही, पण आम्हाला रांधून वाढायची आणि समोर बसून बघत राहायची. आम्हाला वाटायचं, नाटकं! मी तासन् तास समजावायचे, "एवढी हुशार तू, आणि इतकी साधी गोष्ट कळत नाही?"

पुढे मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि ओशाळले.

१९४४ साल. महायुद्धामुळे युरोपात उपासमार. उपाशी माणसांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे शोधायला मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. लढायला तत्त्वापोटी नकार दिलेले, स्वेच्छेने आलेले, तनामनाने धडधाकट. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत त्यांचा मुक्काम. फेब्रुवारी १९४५पासून २४ आठवडे रोज साधारण १५७० कॅलरी. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी.

वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. ते ठरलेलंच होतं. पण डोक्याचं काय झालं बघा. वाचनात लक्ष लागेना. गप्पा फक्त जेवणाच्या. पाककृतींची पुस्तकं जमवून चाळत बसायचे. ताटातलं अन्न चिवडत कितीतरी वेळ पुरवायचे. थट्टामस्करी आटली, माणसं नकोशी झाली. आणि बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तर त्यांत घट दिसली नाही! बुद्धी शाबूत होती, पण ताटाभोवतीच घुटमळत होती. खाणं वाढवल्यावरही घडी बसायला कित्येक महिने गेले. १९५० साली कीज आणि सहकाऱ्यांनी हे सगळं दोन जाडजूड खंडांत छापलं.

एक फरक आहेच. त्या तरुणांना जेवण हवं होतं, मिळत नव्हतं. भाचीला वाढलेल्या ताटाची भीती वाटायची. तेव्हा आजार मुळात का झाला, हे त्या प्रयोगातून कळत नाही. पण आम्ही ज्याला हट्ट, तिरसटपणा म्हणत होतो, त्यातला बराचसा उपासमारीचा होता.

तिच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आधी अंगात अन्न जाऊ दे, मग बोलू. मला ते उलटं वाटायचं. आधी पटलं पाहिजे, मग जेवेल ना? पण ज्या डोक्याला पटायचं, तेच उपाशी होतं.

असो. "वहीचं काय करू?" असं फोनवर विचारलं. म्हणाली, "ठेव गं मावशी. बघू, एखादं करून खाऊ."

ठेवलीय.