काडेपेटी आणि व्हॉल्व्हट्यूब

दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतील शाळांच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या. अशा देशांतील विज्ञानशिक्षकांसाठी युनेस्कोने काढलेल्या पुस्तिकेतून १९५६चा विज्ञान-शिक्षणाचा प्रसिद्ध संदर्भग्रंथ उभा राहिला. त्यात बहुतेक उपकरणे डबे, बाटल्या, तारा अशा वस्तूंची होती.

भारतात १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून प्रयोगाधारित विज्ञान सुरू झाले. पुण्यातील टेल्को या वाहन कंपनीत काम करणारे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तेथे गेले. आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांना खरे साहित्य सापडले: सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काड्या खोचल्या की सांधा तयार. असे सांधे जोडून केलेला चौकोन दाबताच तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनीच कळते. फळ्यावरच्या आकृतीला हे साधणे कठीणच. काडीचे गुल मात्र आधी खरवडून काढावे लागते.

पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात गुप्तांनी अशी शेकडो खेळणी घडवली. होशंगाबादचा कार्यक्रम सरकारने २००२ साली बंद केला.