रणगाड्याची प्रतिकृति व मातीचा पुरावा

रत्नागिरींतील एका तरुणानें १:३५ प्रमाणाचा, वीतभराहूनही आंखूड असा स्टुअर्ट रणगाडा करून आम्हांस दाखविला. पट्टिकेवर 'नौशेरा–राजौरी, १९४८' असा लेख. काम सुबक, परंतु सर्वत्र गंज आणि तांबडी माती! हा पुरावा आमच्या खाऱ्या वाऱ्याचा व जांभ्याचा झाला, राजौरीचा नव्हे. चालत्या यंत्रावर गंजाआधीं धूळ बसते. अहिल्यानगरचें रणगाडा-संग्रहालय (स्थापना १९९४) बांधणीस प्रमाण खरें. मळास नव्हे, कारण तेथील यंत्रें रंगवून ठेविलेलीं आहेत.

याहून मोठा दोष निराळाच. कारवारनजीकच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे त्या एप्रिलांत, सुरुंग पेरलेल्या वाटेवर, रणगाड्याखालीं सरपटत दोरीच्या खुणांनीं चालकास मार्ग दाखवीत गेले. त्यांस परमवीरचक्र मिळालें. आम्हीं प्रतिकृति उलटी करून पाहिली. तळाची बाजू कोरी होती.