४० हा आकडा आला कुठून?

कल्याण लोकलला लटकून ऐकताय ना? ठाण्याला उतरून डाएट कोला घेतलात, तर कॅनवरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा तिथे ॲस्पार्टेम सापडेल.

एफएओ आणि डब्ल्यूएचओची जेक्फा ही तज्ज्ञ समिती १९५६ पासूनची. तिच्या अभ्यासावरून कोडेक्स जगासाठी मानकं लिहितं. आपल्याकडे नियम मात्र एफएसएसएआयचे.

१९८१ मध्ये जेक्फाने ॲस्पार्टेमला मर्यादा घातली: वजनाच्या दर किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम, तेही आयुष्यभर घेतलं तरी चालेल असं. काढली कशी? उंदरांना किलोमागे ४००० मिलिग्रॅमपर्यंत अपाय दिसला नाही, म्हणून भागिले १००. एवढा सेफ्टी मार्जिन आमच्या कोडमध्ये कुणी ठेवत नाही!

जुलै २०२३ मध्ये 'कॅन्सर, कॅन्सर' म्हणत व्हॉट्सॲप पेटलं. आयएआरसीने ॲस्पार्टेम 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं होतं. पण ती डोस बघतच नाही. डोस बघणाऱ्या जेक्फाने तेव्हाच ४० कायम ठेवला.

मला अडतो तो 'किलोमागे' हा शब्द. ७० किलोच्या माणसाला २८०० मिलिग्रॅम, १५ किलोच्या पोराला फक्त ६००. कॅनमध्ये २०० धरले तर तीन कॅन, खलास. एफएसएसएआयच्या २०११ च्या नियमांनी 'लहान मुलांसाठी शिफारस नाही' असं लेबलवर छापायला लावलं होतं. पण डोंबिवलीतल्या बर्थडे पार्टीत 'साखर नाहीये, दे त्याला' म्हणत कोला ग्लासात ओतला जातो, आणि लेबल राहतं किचनमध्येच.