शाळेचा संघ : एका कल्पनेचा प्रवास

बंगळूर शहरात सेंट मार्क्स रस्त्यावर बिशप कॉटन या नावाची जुनी शाळा आहे. छावणीतील सेंट मार्क्स चर्चचे धर्मोपदेशक सॅम्युएल पेटिग्रू यांनी ती 1865 साली सुरू केली. तिच्या आधी सात वर्षे, म्हणजे 1858 साली, फ्रेंच मिशनऱ्यांनी त्याच छावणीत सेंट जोसेफ ही शाळा काढली होती. दोन्ही शाळा प्रारंभी युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होत्या. कालांतराने त्यांची दारे सर्वांना खुली झाली. बंगळूरच्या शालेय क्रीडाजीवनात या दोन शाळांच्या संघांचे स्थान पिढ्यान्‌पिढ्या ठळक राहिले आहे. परंतु यांतील एका शाळेवर ज्या बिशपचे नाव कोरलेले आहे, त्याचा शाळांतील खेळांशी असलेला संबंध फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. शाळेला स्वतःचा संघ असावा, त्याने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नियमांनी खेळावे आणि बाकीच्या मुलांनी त्याचे यश आपले मानावे, ही आज स्वयंसिद्ध वाटणारी गोष्ट नेहमीच अस्तित्वात होती असे नाही. ती ज्यांनी घडवली, त्यांत जॉर्ज एडवर्ड लिंच कॉटन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

कॉटन हे मूळचे शिक्षक. रग्बीच्या शाळेत थोर शिक्षक थॉमस आर्नोल्ड यांच्या हाताखाली 1837 साली ते रुजू झाले आणि तेथे त्यांनी पंधरा वर्षे काढली. थॉमस ह्यूज यांची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी 1857 साली प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस, क्रिकेटच्या सामन्याच्या वेळी, टॉमशी बोलत उभा राहणारा जो तरुण शिक्षक आहे, तो कॉटन यांच्यावरून रेखाटलेला आहे असे मानले जाते. कादंबरीतील तो प्रसंग शांत आहे. कॉटन यांच्या आयुष्यातील पुढचा प्रसंग मात्र तसा नव्हता.

1843 साली स्थापन झालेल्या मार्लबरो या शाळेत 1851 मध्ये विद्यार्थ्यांनी उघड बंड केले. शाळेत पाचशेच्या आसपास मुले होती, शिक्षक अपुरे होते, अन्न निकृष्ट होते आणि शिक्षा कठोर होत्या. सुटीच्या दुपारी मुले आसपासच्या रानात भटकत, लोकांच्या मालकीची शिकार चोरून मारीत, शेतकऱ्यांशी भांडणे उकरून काढीत. अखेर फटाके, फुटलेल्या काचा आणि झुगारलेली आज्ञा, असा सारा गोंधळ झाला व मुख्याध्यापकांना पद सोडावे लागले. 1852 साली त्यांच्या जागी कॉटन आले. शाळा कर्जात बुडालेली आणि मुले हाताबाहेर गेलेली, अशी त्या वेळची स्थिती होती.

पुढल्याच वर्षी कॉटन यांनी पालकांना एक परिपत्रक पाठविले. मुलांनी मोकळ्या वेळी गावभर न पांगता शाळेच्या आवारात व क्रीडांगणावर एकत्र राहावे, अशी व्यवस्था करण्याचा मनोदय त्यांनी त्यात कळविला होता. त्यांनी मुलांबरोबर स्वतः मैदानात उतरणारे तरुण शिक्षक मिळविले. क्रिकेट व फुटबॉल हे खेळ मुले पूर्वीही खेळत असत. परंतु ते त्यांच्या मर्जीने आणि त्यांच्याच दांडगाईने चालत. आता त्यांना वेळापत्रकात जागा मिळाली. शिस्त राखण्यासाठी छडीच्या जोडीला मैदान आले. शाळेच्या संघाचा उगम शोधताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बक्षिसे मिळविणे हा त्यामागचा हेतू नव्हता. शाळेतील प्रत्येक मुलाला दुपारी कोठेतरी गुंतवून ठेवणे, हा हेतू होता.

1858 मध्ये कॉटन कलकत्त्याचे बिशप झाले. युरोपीय व मिश्रवंशीय मुलांसाठी थंड हवेच्या ठिकाणी शाळा काढाव्यात अशी योजना त्यांनी मांडली. सिमल्याची शाळा त्यातूनच उभी राहिली. ऑक्टोबर 1866 मध्ये कुष्टिया येथे गोराई नदीत बोटीवर चढताना पाय घसरून ते बुडाले. त्यांचा देह सापडला नाही. परंतु त्यांनी रुजविलेली पद्धत इंग्लंडातील शाळांतून निघणाऱ्या प्रत्येक शिक्षकाबरोबर प्रवास करीत राहिली. सी. ई. टिंडेल-बिस्को 1890 मध्ये श्रीनगरला आले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी पंडितांच्या मुलांपुढे फुटबॉल ठेवला, तेव्हा चामड्याच्या त्या वस्तूला पाय लावण्यास मुले तयार नव्हती. सक्तीने सुरू झालेला तो खेळ पुढे त्या खोऱ्याचा आवडता खेळ झाला. मैदानाने शिस्त लावावी या कल्पनेत सक्ती होती, परधर्मप्रचाराची छाया होती आणि राज्यकर्त्यांचा दर्पही होता; तरीही मुलांनी त्यातून आपल्याला हवे तेवढे उचलले.

मुंबईत या कल्पनेने वेगळे रूप घेतले. 1890 ते 1895 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे इंग्लंडच्या क्रिकेटसंघाचे माजी कर्णधार होते. त्यांच्या नावाची हॅरिस ढाल आणि जाइल्स यांच्या नावाची लहान मुलांची ढाल या स्पर्धांनी मुंबईच्या शाळांना एका सूत्रात गोवले. शाळेतल्या शाळेत चालणारा खेळ आता शाळाशाळांमधल्या चुरशीचा झाला. पावसाळा संपून आझाद मैदान, क्रॉस मैदान व शिवाजी पार्क कोरडे झाले की शालेय सामन्यांना भर येई, आणि कोणत्या शाळेत कोणता मुलगा चांगला खेळतो याची चर्चा दादर-गिरगावच्या चाळींतून चाले. सुनील गावसकर सेंट झेवियर शाळेकडून, दिलीप वेंगसरकर किंग जॉर्ज शाळेकडून, तर संदीप पाटील बालमोहन विद्यामंदिराकडून खेळले. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कामगाराचा मुलगा एकनाथ सोलकर हा 1965-66 च्या हंगामात लंडनच्या शालेय संघाविरुद्ध भारतीय शाळांचा कर्णधार होता, आणि त्याच्या संघात गावसकर होते. श्रीमंत व गरीब यांना एकाच पंक्तीत बसविण्याचे कार्य शाळेचा संघ कसे करू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

याच काळात महाराष्ट्रात दुसराही एक विचार आकार घेत होता. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, राखलेली खेळपट्टी लागते. गावोगावच्या शाळांनी हे कोठून आणावे? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जमीन एवढेच पुरते. बारा मुलांचा संघ, त्यांतले नऊ मैदानात. आणि धावणाऱ्याला पाठलागाची दिशा बदलता येत नसल्याने प्रत्येक क्षणी बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप द्यावी लागते. एकट्या खेळाडूला येथे फार दूर जाताच येत नाही. कॉटन यांना जे साधायचे होते, ते या देशी खेळाने कमी खर्चात आणि अधिक मुलांसाठी साधले असे म्हणण्यास हरकत नाही.

बंगळूरमध्ये छावणीतील शाळांबरोबर बसवनगुडीसारख्या जुन्या वस्तीतील शाळाही पुढे आल्या. ॲनी बेझंट यांच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रेरणेतून 1917 साली निघालेल्या नॅशनल हायस्कूलमधून अनिल कुंबळे आले. सेंट जोसेफच्या शाळेतून राहुल द्रविड आले. 1973 मध्ये इंदूरला जन्मलेला हा मुलगा मराठी कुटुंबातला. वडील जॅम बनविणाऱ्या कारखान्यात नोकरीला आणि आई वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिका. ‘जॅमी’ हे टोपणनाव त्या नोकरीवरूनच पडले. चिन्नस्वामी स्टेडियमवरील उन्हाळी शिबिरात केकी तारापोर यांनी त्यांना हेरले. फेब्रुवारी 1991 मध्ये त्यांनी कर्नाटकाकडून रणजी स्पर्धेत पदार्पण केले, तो सामना पुण्यात महाराष्ट्राविरुद्धच होता, आणि त्यात त्यांनी 82 धावा केल्या. पुढे कसोटीत 13,288 धावा जमविणाऱ्या या खेळाडूच्या कारकिर्दीत शाळा, शिबिर, राज्य आणि देश या साऱ्या पायऱ्या क्रमाने दिसतात.

परंतु ही शिडी जसजशी सरळ होत गेली, तसतसा पहिल्या पायरीचा मूळ अर्थ पुसट होऊ लागला. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी व सचिन तेंडुलकर यांनी सेंट झेवियरविरुद्ध 664 धावांची अभेद्य भागी केली. कांबळी नाबाद 349, तेंडुलकर नाबाद 326, आणि संघाच्या धावा दोन बाद 748. रमाकांत आचरेकर यांच्या शिस्तीत वाढलेल्या या दोन मुलांचे कौतुक साऱ्या देशाने केले, आणि ते यथार्थच होते. त्यानंतर कांबळीने सहा बळी घेतले व प्रतिपक्षाचा डाव 145 धावांत संपला. हा विक्रम वाचताना उन्हात दिवसभर चेंडूमागे धावणारी दुसऱ्या बाजूची अकरा मुले कोणाला आठवत नाहीत. तरी त्यांतही एक समाधान आहे : त्या दिवशी गोलंदाजी करणारा साईराज बहुतुळे पुढे भारताकडून खेळला. भागी फोडू न शकलेला मुलगा त्या दिवसाने खचला नाही.

सर्वच सामन्यांविषयी असे म्हणता येत नाही. जानेवारी 2016 मध्ये कल्याण येथे भंडारी चषकाच्या सामन्यात प्रणव धनावडे या मुलाने एका डावात नाबाद 1009 धावा केल्या. त्याच्या शाळेने तीन बाद 1465 वर डाव सोडला. समोरच्या संघाचे दोन डाव 31 आणि 52 धावांत आटोपले. प्रणवचा पराक्रम थोर खरा. रिक्षाचालकाच्या या मुलाचे नाव एका दिवसात जगभर पोचले. त्याने मोडलेला विक्रम 1899 मधला होता. इंग्लंडातील क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद 628 धावा केल्या होत्या. कॉलिन्सचा जन्म हजारीबागचा. पहिल्या महायुद्धात 1914 साली तो ईप्रजवळ कामी आला. कॉलिन्सचा तो सामना एकाच शाळेतील दोन ‘हाउस’मधला होता, म्हणजे कॉटन यांच्या जुन्या चौकटीतलाच होता. तेथेही एका बाजूचे हाल झालेच. तरी संध्याकाळी दोन्ही बाजूंची मुले एकाच शाळेत परतली. कल्याणच्या सामन्यात हरलेल्या, वयाने कोवळ्या मुलांना मात्र आपल्या शाळेत परतून काय वाटले असेल, हे कोणत्याही धावफलकावर लिहिलेले नाही. सामना विषम आहे हे पहिल्या तासातच कळते. तो थांबविण्याचा अधिकार मुलांपाशी नसतो, मोठ्यांपाशी असतो.

व्यवस्थेचा कलही या दिशेने झुकला आहे. 1945-46 मध्ये देशातील शालेय संघांसाठी सुरू झालेली कूचबिहार करंडक स्पर्धा पुढे एकोणीस वर्षांखालील मुलांची झाली; शाळेची जागा वयाने घेतली. 1954 साली स्कूल गेम्स फेडरेशन स्थापन झाले, तेव्हा शाळा हाच खेळाचा पाया मानलेला होता. 2018 मध्ये दिल्लीत ‘खेलो इंडिया’च्या पहिल्या स्पर्धा शालेय म्हणून भरल्या, 2019 मध्ये पुण्यास बालेवाडीत भरल्या तेव्हा त्या ‘युवा’ स्पर्धा झाल्या होत्या. महाराष्ट्र तेथे पदकतालिकेत पहिला आला. गुणी मुलांना चांगले प्रशिक्षण मिळते हा यातला लाभ निर्विवाद आहे. परंतु ज्या मुलाला केवळ खेळायचे आहे, ज्याच्या हाती विशेष गुण नाही, त्याच्यासाठी शाळेशिवाय दुसरी जागा उरत नाही. आणि मैदानाची जमीन महाग झालेल्या शहरांत ती जागाही आक्रसत चालली आहे.

शाळेच्या संघाचे एक वैशिष्ट्य इतर कोणत्याही संघात नसते. तो दरवर्षी विसर्जित होतो. वरच्या वर्गातील मुले शाळा सोडून जातात, जूनमध्ये नवी येतात, आणि गतवर्षीच्या विजेत्या संघातील निम्मे खेळाडू निघून गेलेले असतात. टिकून राहतात ते मैदान, शिक्षक आणि खेळण्याची रीत. एखाद्या शाळेचा हंगाम कसा गेला हे ठरविताना कपाटातील ढाली अवश्य मोजाव्यात; पण त्याबरोबर किती मुले मैदानावर उतरली, हेही मोजले पाहिजे. मार्लबरोच्या उनाड मुलांसाठी 1853 साली निघालेल्या त्या परिपत्रकात अजिंक्यपदाचा प्रश्न नव्हता. दुपारी शाळा सुटल्यावर मूल कोठे जाते, हा प्रश्न होता. आणि बंगळूर असो वा कल्याण, प्रत्येक शाळेला तो आजही सोडवावयाचा आहे.