पोथी आणि न्यायासन : न्यायमूर्ति गजेंद्रगडकर

न्यायाधीश म्हटला कीं मराठी माणसास रामशास्त्री प्रभुणे आठवतात, व तें योग्यच आहे. परंतु धर्मशास्त्राचा व्यासंग केलेला दुसरा एक पंडित रामशास्त्र्यांच्या निधनानंतर (१७८९) पावणेदोनशे वर्षांनीं भारताचा सरन्यायाधीश झाला, याचें स्मरण पोथीसंग्राहकांस क्वचितच असतें. त्यांच्या चरित्राचा पोथ्यांशीं असलेला संबंध येथें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजीं सातारा येथें संस्कृतज्ञ घराण्यांत झाला. डेक्कन कॉलेजांतून १९२४ सालीं ते एम्. ए. झाले. आमच्या कोथरुडास जवळच असलेल्या लॉ कॉलेजचे ते आरंभींचे विद्यार्थी. तेथून १९२६ सालीं कायद्याची पदवी घेऊन त्यांनीं मुंबईस वकिली आरंभिली.

त्यांनीं नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसे’ची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. या ग्रंथाचें महत्त्व केवळ विद्वत्तेपुरतें नव्हतें. पतीच्या अनुज्ञेवांचून स्त्रीनें दत्तक घेऊं नये, अशा अर्थाचें वसिष्ठांचें वचन आहे. नंदपंडित त्यावरून विधवेचा अधिकारच नाकारतो. नीळकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ तें वचन सधवेपुरतें मानतो. म्हणून महाराष्ट्रांतील विधवेस दत्तक घेतां येई व बंगालच्या विधवेस पतीची पूर्वानुज्ञा दाखवावी लागे. वचन एकच, पण त्याच्या अर्थावर घराणीं आणि वतनें अवलंबून राहत. १८६८ सालीं प्रीव्ही कौन्सिलनें हे अर्थभेद नोंदवून, सिद्ध झालेली रूढि लिखित वचनाहून बलवत्तर ठरविली.

अर्थभेदांची ही ओळख असलेला मनुष्य १९४५ सालीं मुंबई हायकोर्टाचा व जानेवारी १९५६ मध्यें सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. १९५१ सालीं नरसू अप्पा माळी खटल्यांत हिंदूंच्या द्विभार्याबंदीचा मुंबईचा कायदा न्या. छगला व त्यांनीं वैध ठरविला. मात्र वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेरचे होत, हें त्या निकालांतील मत आम्हांस पटत नाहीं. २०१८ च्या शबरीमला निकालांतहि एका न्यायमूर्तींनीं त्या भूमिकेवर आक्षेप घेतला.

१ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६ पर्यंत ते सरन्यायाधीश होते. आपला पंथ हिंदु नव्हे, सबब हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आपणांस लागू नाहीं, असा दावा स्वामिनारायण संप्रदायाच्या कांहीं अनुयायांनीं १९४८ सालीं लावला होता. तो १४ जानेवारी १९६६ रोजीं अखेर फेटाळला गेला. हिंदुधर्म एकाच ग्रंथानें वा एकाच दैवतानें बांधलेला नाहीं, हें प्रतिपादन त्या निकालपत्रांत गजेंद्रगडकरांनीं केलें. अनेक टीकांचे मतभेद जवळून पाहिलेल्या शास्त्र्याचें हें लेखन आहे, असें आम्हांस वाटतें.

पुढें ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु व विधि आयोगाचे अध्यक्ष झाले. १२ जून १९८१ रोजीं निवर्तले.

ज्यांच्या रुमालांत जुनीं दत्तकपत्रें व निवाडपत्रें असतील, त्यांनीं तीं मयूखादि ग्रंथांशीं ताडून पाहावीं, इतकीच विनंति. शास्त्र पोथींत काय होतें आणि लोकांत कसें चाललें, हें त्यांवरूनच कळेल.